पाणलोटाची सभा मेंढरं गावात असताना घ्या

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभांत आमच्या माण तालुक्याच्या भागातले पाणलोटाचे, म्हणजे डोंगरापासून ओढ्यापर्यंत पाणी आणि माती अडवण्याच्या कामांचे, आराखडे मंजुरीला येणार असल्याचे आपल्या दैनिकात वाचले. सोबत शिवारफेरीचे छायाचित्रही होते. त्यात सरपंच होते, कृषी खात्याचे साहेब होते, संस्थेचे कार्यकर्ते होते, डाळिंबवाले बागायतदार होते. ज्या डोंगरावर ही मंडळी उभी होती, त्या डोंगरावर पावसाळ्याचे चार महिने ज्यांची जनावरे असतात, त्यांच्यातले कोणी त्यात नव्हते. ते कसे असणार? या दिवसांत ते कराड-वाळव्याकडे कुणाच्या तरी मोकळ्या रानात मेंढरं बसवून आहेत.

मी मेंढपाळ घरातली सून आहे. आमचे घर गावात नाही, डोंगराच्या पायथ्याला वस्तीवर आहे. मेंढरं दीडशेच्या आसपास. दसरा झाला की माझे पती, दीर आणि जाऊबाई वाडा, म्हणजे मेंढरांचा कळप आणि फिरते बिराड, घेऊन पश्चिमेला निघतात. घोड्यावर बिराड, वाघर (मेंढरं कोंडायची जाळी), कोंबड्या, लहान कोकरं, सगळे बरोबर. मृगाचा पाऊस पडला की परततात. मुलांच्या शाळेसाठी मी आणि सासू-सासरे मागे राहतो. बचत गटाची सचिव म्हणून गावच्या पाणलोट समितीच्या यादीत माझे नाव आहे, त्यामुळे समितीत काय ठरते हेही मला कळते आणि त्याचा वस्तीवर काय परिणाम होतो हेही मी पाहते. त्यावरून हे पत्र लिहिते आहे. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. आम्हाला तिथेच राहायचे आहे आणि कुणाला उघडे पाडणे हा माझा हेतू नाही.

पाणी माथ्यापासून अडवत खाली यायचे, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. वर सलग समतल चर, त्याखाली ओघळींत दगडी बांध, मग शेतांच्या ताली, मग मातीचे आणि सिमेंटचे नालाबांध. वरचे काम कच्चे राहिले तर दोन-चार जोराच्या वळवांत माती खाली येते आणि बंधारा गाळाने भरतो. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. आमच्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला ५ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो आणि आमच्याकडे साडेचारशे-पाचशे झाला तरी लोक वर्ष बरे म्हणतात. तेवढ्या पावसातही २०० हेक्टरच्या डोंगरावर साधारण ९० कोटी लिटर पाणी पडते. त्यातले मुरणार किती आणि ओढ्याने माणगंगेला जाणार किती, हे उतारावर गवत किती आहे आणि चरांचे भराव शाबूत आहेत का, यावर ठरते. त्या गवतात आणि त्या भरावावर रोज आमच्या मेंढरांचे पाय असतात. म्हणजे सगळ्या पाणलोटात ज्यांच्याशी सर्वांत आधी बोलायला हवे, ती माणसे यादीत कुठेतरी शेवटी नव्हे, यादीतच नसतात.

२०१८ साली गावांनी श्रमदानाने पाणी अडवायच्या, पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत आमच्या तालुक्यातली टाकेवाडी राज्यात पहिली आली, भांडवलीलाही दुसऱ्या क्रमांकात वाटा मिळाला. त्याआधी २०१६ ला, स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी, कोरेगाव तालुक्यातले वेळू पहिले आले होते. त्या दिवसांबद्दल मला आजही आदर वाटतो. आमचे गाव बक्षिसाच्या जवळपास नव्हते, पण दिवस उजाडायच्या आत बायका टिकाव-घमेली घेऊन डोंगर चढायच्या. मीही जात होते. एरवी एकमेकांच्या दारात न जाणारी माणसे एका चरात उभी राहून खोदत होती. हे कुणी लहान करू नये.

पण २०१८ ची स्पर्धा ८ एप्रिल ते २२ मे अशी होती. तेव्हा आमचे वाडे घरापासून सगळ्यांत लांब असतात. मेंढपाळ वस्तीतला एकही कर्ता माणूस गावात नव्हता. चर कुठून कुठे जाणार हे ठरले, गायरानात चराईबंदीचा ठराव झाला, हात वर झाले, टाळ्या पडल्या. जूनमध्ये वाडा परतला तेव्हा डोंगरावर जायच्या नेहमीच्या वाटा चरांनी कापल्या गेल्या होत्या. मेंढरू चराला वळसा घालत नाही, भरावावर चढते आणि एकामागे एक त्याच रेघेने चालते. दोन पावसांत कितीतरी ठिकाणी भराव बसले. ज्या बायकांनी हात सोलवटून ते काम केले होते त्यांना संताप आला, आणि तो खराच होता. आमच्या तीन घरांना दंड लावला गेला. देवळापुढे भांडण झाले. माझे सासरे फार बोलत नाहीत, त्या दिवशी मात्र बोलले, "चर आमचंबी हायती. हिरीला पाणी आलं तर आमीबी पिणार. पण मेंढरू काय दाव्याला बांधून खातंय व्हय? आमास्नी आधी इच्यारलं असतं तर वाट दावली असती."

त्यानंतर जे झाले ते मला या पत्रात मुद्दाम सांगायचे आहे, कारण ते कुठल्याच अहवालात नाही. श्रावणात दोन्हीकडची जाणती माणसे बसली. डोंगराचे तीन भाग पाडले. एक भाग दोन पावसाळे पूर्ण बंद, बाकीचे दोन चरायला मोकळे, मग पाळी बदलायची. वर जायला चरांमधून दोन वाटा सोडायच्या आणि तिथे दगड रचून त्या पक्क्या करायच्या. बंद भागातले गवत दसऱ्याला वाडे निघाल्यावर गावाने कापून न्यायचे. भराव ढासळला तर ज्याच्या मेंढरांनी ढासळवला त्याने त्याच आठवड्यात खोऱ्याने ओढून पुन्हा चढवायचा. पहिल्या बंद भागात कुसळीच्या जागी पवन्या आणि मारवेल ही चाऱ्याची चांगली गवते दिसायला लागली. गावच्या म्हशींना दिवाळीनंतरही भारे मिळाले. दंडाची पावती पुन्हा कुणाला फाडावी लागली नाही.

ही समजूत तोंडी होती. समिती बदलली, जाणत्यांपैकी एकजण वारले, आणि नव्या योजनेचा नवा नकाशा आला. त्या नकाशावर अख्खे गायरान एका रंगात रंगवून 'चराईबंदी क्षेत्र' लिहिले होते. पुन्हा ठराव, पुन्हा उन्हाळ्यात, पुन्हा आमच्या माघारी.

चराईबंदीचा विषय निघाला की हिवरे बाजारचे नाव घेतले जाते. पोपटराव पवारांनी आणि त्या गावाने केलेले काम मोठेच आहे. तिथे डोंगरावर जनावर सोडायचे बंद केले, गवत कापून न्यायला मात्र परवानगी दिली, आणि दूध वाढले. गाई-म्हशींच्या गावाला हे जमते. गोठ्यात चार जनावरे असतील तर घरातली एक बाई दोन भारे आणून त्यांना जगवू शकते. मेंढराला दिवसाला चार किलो ओला चारा धरला तरी दीडशे मेंढरांना रोज सहाशे किलो कापून आणावा लागेल. तेवढा कापणार कोण आणि कुठून? शिवाय मेंढरू उभ्याने फिरत, वरचे वर खुडत खाणारे जनावर आहे. चराईबंदी करा म्हणणाऱ्याने आम्हाला मेंढरं विका असे म्हटल्यासारखेच होते, फक्त ते तसे म्हणत नाहीत. जून ते सप्टेंबर हे चार महिने आमच्याकडे चाऱ्याचे हाल असतात हे शासनालाही माहीत आहे. मेंढपाळांसाठीच्या महामेष योजनेत त्याच चार महिन्यांसाठी चराई अनुदानाची तरतूद आहे. एका खात्याला जे कळते ते दुसऱ्या खात्याच्या आराखड्यात का उतरत नाही?

दुसरी गोष्ट ओढ्यांची. आमच्या ओढ्याचे खोलीकरण झाले. पोकलेनने दोन्ही काठ सरळ उभे कापले, भिंतीसारखे. पाणी साठले, जवळच्या विहिरींना फायदा झाला, हे मी नाकारत नाही. पण पूर्वी जिथे मेंढरं उतरून पाणी प्यायची ती उतरंड गेली. आता दोन माणसांच्या उंचीइतके खाली पाणी दिसते आणि मेंढरं काठावर उभी. एक कोकरू पडले, मग काठाला काटेरी फांद्या टाकल्या. शाळेची पोरं त्याच काठाने येतात म्हणून माझा जीव वेगळाच खालीवर होतो. एका बाजूने पंधरा-वीस फुटांची तिरकी उतरंड ठेवायला मशीनचा अर्धा दिवसही लागला नसता. ते कुणाच्या मनात आले नाही, कारण काम ठरवताना पाणवठ्याचा विचार करणारे कोणी तिथे नव्हते.

सासरे सांगतात की आमच्या डोंगराच्या उत्तरेच्या अंगाला एका घळीत शिमग्यापर्यंत ओल टिकते, आणि दक्षिणेकडच्या मोठ्या ओघळीत कितीही पाणी आले तरी चार दिवसांत गायब होते, कारण तिथे खालचा कातळ फुटलेला आहे. आपल्या काळ्या दगडाच्या मुलखात हे हाताच्या अंतरावर बदलते. वर मुरूम, मग फुटका खडक, मग अखंड कातळ, कुठे मधेच लाल गेरूचा थर. पाणी राहते ते भेगांत आणि मुरमात. जिथून ते खाली मुरून विहिरींना येईल ती जागा चरांना आणि पाझर तलावाला चांगली, जिथे ते वर टिकेल ती जागा पाणवठ्याला. हे सांगायला भूजल सर्वेक्षणाचे भूवैज्ञानिक हवेतच. पण चाळीस वर्षे त्याच घळीतून रोज मेंढरं हाकणारा माणूसही त्यांच्याबरोबर हवा. उपग्रहाच्या नकाशावर दोन्ही ओघळी सारख्याच दिसतात.

आता पाण्याच्या वाट्याबद्दल. माथ्यावर अडवलेले पाणी मुरते आणि उतरते ते ओढ्याकाठच्या विहिरींत. त्या विहिरी ज्यांच्या, त्यांचीच बागायत वाढते. डोंगरावर चर खोदणाऱ्या बायकांत निम्म्या जणींच्या घरी एक गुंठा जमीन नाही. आमच्यासारख्यांची असलीच तर वरच्या अंगाची, खडकाळ, कोरडवाहू. लोकवर्गणी म्हणून कधीकधी मजुरीतूनच रक्कम कापली जाते असे बायका सांगतात. तसे असेल तर भूमिहीन बाईच्या मजुरीतून जमीनवाल्याच्या बांधाचा हिस्सा भरला जातो आहे. मार्गदर्शक सूचनांत हे अभिप्रेत नाही. खासगी जमिनीवरच्या कामाचा हिस्सा, साधारण १० टक्के आणि लहान शेतकरी किंवा अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी असेल तर ५ टक्के, हा ज्याच्या जमिनीवर काम झाले त्याने पाणलोट विकास निधीत भरायचा असतो आणि तो निधी पुढे देखभालीला वापरायचा असतो.

वाट्याचा प्रश्न सुटत नाही असे नाही. तो आपल्याच भागात सोडवून दाखवलेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरच्या नायगावातून विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीवर नाही, माणसांवर मोजले. माणशी अर्ध्या एकराला, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराला. उसाला पाणी नाही आणि भूमिहीनालाही हक्क. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात येरळेवर तांदूळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात बळीराजा धरण बांधले. नदीतली वाळू बेसुमार उपसू न देता थोडी विकून त्यांनी पैसा उभा केला आणि पाण्यात भूमिहीन कुटुंबांचाही वाटा ठेवला. आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३ पासून भरवलेल्या पाणी परिषदांतूनही समन्यायी वाटपाचीच मागणी पुढे आली. हे सगळे आमच्या घरापासून एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतक्या अंतरावर झाले. पण आमच्या पाणलोट समितीत पाण्याच्या वाट्याचा विषय मी काढला तेव्हा, "ताई, हा आपला विषय नाही, आपला विषय कामांचा," असे उत्तर मिळाले.

मग काय होते तेही लिहिते. विहिरींना पाणी आले की पुढच्याच हंगामात ऊस आणि बोअर. महाराष्ट्र भूजल अधिनियमानुसार ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा, खोल विहीर शेतीसाठी खोदायला मनाई आहे. आमच्याकडे बोअरच्या गाड्या रात्री येतात आणि पाचशे फुटांच्या खाली जाऊन थांबतात. चराच्या भरावावर मेंढरू चढले म्हणून दंड होतो, पण या बोअरला कुणी दंड केल्याचे मी ऐकलेले नाही.

कागदावर सगळे नीट आहे. पाणलोटाच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांत समिती ग्रामसभेने नेमायची आणि तिच्यातले निम्मे सदस्य बचत गट, उपभोक्ता गट, अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि भूमिहीन यांचे प्रतिनिधी असावेत, असे आहे. आमच्या समितीची यादी पाहिली तर कुणाला नाव ठेवता येणार नाही. पण सभा सकाळी अकराला, ग्रामपंचायतीत, खुरपणीच्या किंवा काढणीच्या दिवसांत. रोजगाराला गेलेल्या बाईने दिवसाची हजेरी बुडवून का यावे? मग रजिस्टर संध्याकाळी घरोघर फिरते. चर्चा झालेली असते, सही तेवढी राहिलेली असते. आणि बायकांना विचारले तरी हंड्याचे विचारतात, डोंगराचे नाही.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या २१ व्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांच्या जनावरांची पहिल्यांदाच वेगळी नोंद घ्यायचे ठरले. दिल्लीत बसणाऱ्यांना हे सुचले की जनावर एका गावात बांधलेले नसते. आमच्या गावच्या पाण्याच्या ताळेबंदात मात्र अजून मेंढरांच्या पाण्याचा रकाना उन्हाळ्यात गावात दिसतील तेवढ्या जनावरांवर भरला जातो, म्हणजे जवळजवळ रिकामा राहतो.

माझी मागणी सोपी आहे. २६ जानेवारीला आराखडा वाचून दाखवावा, पण डोंगर आणि गायरानाच्या भागाला त्या दिवशी अंतिम मंजुरी देऊ नये. तो भाग १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठेवावा. तेव्हा वाडे घरी असतात, गवत उभे असते, ओघळी वाहत असतात, आणि कुठे काय होते ते बोट दाखवून सांगता येते. त्याआधी एक शिवारफेरी मेंढक्यांबरोबर व्हावी. चराईचा करार, म्हणजे कोणता भाग किती पावसाळे बंद, वाटा कुठून, गवत कुणाचे, भराव कोण चढवणार, हे सविस्तर प्रकल्प अहवालात लिहून घ्यावे, म्हणजे समिती बदलली तरी ते टिकेल. चरांच्या देखभालीचे पैसे पाणलोट विकास निधीतून त्यांना द्यावेत जे रोज त्या चरांवरून चालतात. चार महिने रोजची राखण गावाला मिळेल. प्रत्येक खोलीकरणाला जनावरांची उतरंड असल्याशिवाय बिल निघू नये. आणि समितीची सभा संध्याकाळी सातनंतर, एकदा गावात आणि एकदा वस्तीवर व्हावी.

यासाठी नवा कायदा लागत नाही, वेगळा निधीही लागत नाही. तालुक्याच्या साहेबांनी ठरवले तर एका पत्राने होण्यासारखे आहे. सहा-सात महिने उशीर होईल हे मला कळते आणि पैसे मार्चअखेर खर्च करायची घाई असते हेही कळते. तेवढ्या काळात खालच्या ताली आणि नालाबांधांचे सर्वेक्षण, वर्गणी, उपभोक्ता गटांची नोंदणी ही कामे करता येतील. डोंगराचे काम मात्र थांबावे.

माझ्या पतीला मी फोनवर हे पत्र वाचून दाखवले. वाळव्याकडच्या तळावर आमच्या भागातले आणखी सात वाडे आहेत. त्या सगळ्यांनी निरोप दिला आहे की नागपंचमी ते गणपती या दरम्यान कोणताही दिवस ठरवा, आम्ही सगळे येऊ. तारीख फक्त आठ दिवस आधी, बाजारच्या दिवशी दवंडी देऊन कळवावी, म्हणजे डोंगराच्या पलीकडच्या वस्त्यांनाही समजेल.

आपली,
एक वाचक (बचत गट सचिव)
ता. माण, जि. सातारा